नखाएवढा डोंगल

मास्तरांच्या बायकोची चार वाजता ऑनलाइन मुलाखत होती. प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासायची नोकरी, तीही अकरा वर्षं घरी बसल्यानंतर. मोबाईल चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा, असं संस्थेने बजावलं होतं. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, राउटर दारापाशी, मधे जाडजूड भिंत.

मास्तर गणिताचे. तीन दिवस त्यांनी कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणाऱ्या डोंगलांचा तुलनात्मक तक्ता केला.

"भिंत असेल तर अँटेनावाला घ्या," दुकानदार म्हणाला.

"हाच द्या," म्हणत मास्तरांनी सगळ्यात स्वस्त, नखाएवढा डोंगल उचलला.

घरी आल्यावर कळलं की तो चालायला आधी सॉफ्टवेअर घालावं लागतं. ते होतं सीडीवर. कॉम्प्युटरला सीडीची सोयच नव्हती.

"नेटवरून उतरवून घेतो!"

"अहो, नेटसाठीच आणलाय ना तो?"

साडेतीन वाजले होते. मास्तरांनी कॉम्प्युटर उचलून बाहेर आणला. राउटरची वायर वीतभर कमी पडली, म्हणून टेबल थेट दाराला टेकवलं. सॉफ्टवेअर उतरलं, डोंगल झकास चालू लागला. मास्तरांनी वरात परत आत नेली. भिंतीआड डोंगलने मान टाकली.

चारला पाच कमी. वरात पुन्हा दारापाशी, टेबल पुन्हा दाराला टेकलेलं. आता डोंगलवर भरवसा नको म्हणून मास्तरांनी वायरच जोडली, पण घाईत तिच्या टोकाची खिट्टी तुटली. हात काढला की नेट गायब. मास्तर टेबलाखाली शिरले आणि वायर दाबून बसले.

मुलाखत सुरू झाली. दहाव्या मिनिटाला दारावर थाप पडली.

"अगं, दार उघड! मी आलेय!" सासूबाई फिरून आल्या होत्या.

"आई, थांब जरा," टेबलाखालून मास्तर कुजबुजले.

"आता कुठे लपलायस? घरात चाललंय तरी काय?"

पडद्यावरच्या बाईंनी चष्मा सावरला. "या कामाला चिकाटी फार लागते. तुमच्याकडे आहे?"

बायकोने तोंड उघडण्याआधीच दारापलीकडून उत्तर आलं, "सोळा वर्षं माझ्याशी जमवून घेतलंय तिनं! आणखी काय पाहिजे?"

पडद्यावरच्या बाई खळखळून हसल्या. मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या, पण हात जागचा हलला नाही.

तपासणीची परीक्षा बायकोने एकही चूक न सोडता पार केली. बाईंनी कागद आवरले. "सोमवारपासून या. एकच सांगते, आम्ही घरून काम करू देत नाही. रोज दहाला ऑफिसात."

पडदा काळा झाला. बायको टेबलाखाली वाकली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"ऐकलंत?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले. "आता वायर सोडू का?"