टोपलीखालचे तीन दिवस

एलादियोला वाटलं, दोन कोंबड्या आणाव्यात. बस, एवढंच. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणसाने बायकोला विचारत बसावं का, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याने तिला विचारलं नाही. (पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.)

कोंबड्या हव्या होत्या सोराइदासाठी. सोराइदा म्हणजे त्याची थोरली बहीण. पन्नास वर्षांपूर्वी ती न्यूयॉर्कला शिवणकामाच्या कारखान्यात गेली आणि तिकडचीच झाली. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, ती पोर्तो रिकोला परत येत होती. फोनवर म्हणाली, "पंधरा दिवस राहून बघते, यायो. जमलं तर कायमची राहीन. नाही जमलं तर परतीचं तिकीट आहेच."

कुणाशी जमलं तर, हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. ते दोघांनाही माहीत होतं. एलादियोची बायको नेरेइदा आणि सोराइदा चाळीस वर्षांत चारदा भेटल्या होत्या, आणि चारही वेळा एकमेकींशी इतक्या अदबीने वागल्या होत्या की मध्ये बसलेल्या एलादियोला घाम फुटला होता. भांडण परवडतं, पण "नको नको, तुम्हीच घ्या" हे परवडत नाही.

आणि एलादियोला तर बहीण हवी होती. लहानपणी नदीला पाणी असलं की ती त्याला पाठीवर घेऊन पलीकडे शाळेत सोडायची. तो दोघांच्या चपला हातात धरून बसायचा आणि तिला हुकूम सोडायचा. आता तो एकोणसत्तर वर्षांचा होता. आईवडील गेले होते, दोन्ही मुली फ्लोरिडाला होत्या. त्याला 'यायो' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसाकडे परतीचं तिकीट होतं. या विचाराने त्याला खरोखर झोप लागत नव्हती.

एकदा बोलता बोलता सोराइदा म्हणाली होती, "आईसारख्या अंगणात दोन कोंबड्या असाव्यात, एवढी एकच हौस राहिली बघ." तेवढं त्याने पक्कं धरून ठेवलं. नेरेइदाच्या चार कोंबड्या होत्याच. त्यांत दोनांची भर. चार आणि दोन सहा. गणितात कुठेच अडचण नव्हती.

बुधवारी त्याने डोंगरावरच्या एका माणसाकडून ठिपक्यांच्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, कॉफीच्या पोत्यात घालून आणल्या. नेरेइदा पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"पोत्यात काय आहे?"

"काही नाही."

तेवढ्यात पोत्यातून 'कुक् कुक्' ऐकू आलं. नेरेइदाने शेंग सोलायची थांबवली नाही.

"ताईसाठी आणल्या," एलादियो म्हणाला. "तिला हौस आहे."

"मला कोणी बोललं नाही ते. बरं, आणल्यास तर आणल्यास. मधे जाळी लाव आणि पंधरा दिवस पलीकडे ठेव त्यांना. एकमेकींना बघू देत, शिव्या देऊ देत. मग सोड."

"शनिवारी ताई येतेय."

"मग शनिवारी ताईला जाळीपलीकडून दाखव."

एलादियोच्या डोळ्यांसमोरचं चित्र निराळं होतं. त्यात जाळी नव्हती. त्यात सोराइदा झुलत्या खुर्चीत बसली होती, तिच्या हातातले दाणे सहा कोंबड्या एकोप्याने टिपत होत्या आणि नेरेइदा कॉफी आणत होती. तेव्हा नेरेइदा शेंगा घेऊन आत गेल्यावर त्याने पोत्याचं तोंड सोडलं.

नेरेइदाच्या कोंबड्यांत एक तांबडी होती. तिला घरात जनरलीण म्हणत. जनरलीण आधी खाणार, आधी पिणार, दांडीवर मधोमध बसणार. बाकीच्या तिघींनी मागे उभं राहून आपली पाळी बघायची. तिने पाहुण्यांकडे एकदा डाव्या डोळ्याने बघितलं, एकदा उजव्या डोळ्याने, आणि मग जे केलं त्याला पाहुणचार म्हणता येणार नाही. पाच मिनिटांत दोघी तलंगा अंगणात पडलेल्या कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्रावर चढून बसल्या. त्या गुरुवारीही तिथेच होत्या. दाणापाणी एलादियो वर नेऊन देत होता.

"वास, बाबा, वास," शेजारचा मोन्सेराते कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. या मोन्सेरातेकडे एकही कोंबडी नव्हती (शेवटची मुंगसाने नेली होती), पण सल्ल्याला भांडवल लागत नाही. "कोंबडी माणसं ओळखते वासावरून."

"माणसं?"

"तेच ते, कोंबड्या. सगळ्यांना मालागेता चोळ. सगळ्यांना एकच वास आला की नवी कोण, जुनी कोण, कळणार कुणाला?"

एलादियोला हे एकदम पटलं. मालागेताची पानं आणि कापूर रममध्ये मुरवून केलेलं ते पाणी घरोघरी असतं. डोकं दुखलं, ताप आला, पाय मुरगळला, कुणी गेल्याची बातमी ऐकून भोवळ आली, सगळ्याला तेच चोळतात. त्याच्या आईने तर एकदा रेडिओलाही चोळलं होतं. जे माणसाला सोसतं ते कोंबडीला सोसणारच.

शनिवारी सकाळी नेरेइदा कंदमुळं आणायला बाजारात गेली. एलादियोने फडताळ धुंडाळलं. तांदळाच्या डब्यामागे, अगदी कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेली एक मोठी बाटली सापडली. नेरेइदा विसरून गेली असणार, असं त्याने ठरवलं. बाटली घेऊन तो अंगणात गेला आणि एकेक कोंबडी काखेत धरून शेपटीपासून मानेपर्यंत त्याने सढळ हाताने चोळली. बाटली संपली तेव्हा सहाही कोंबड्या ओल्याचिंब होत्या, पिसं अंगाला चिकटली होती, आणि अंगणाला दवाखान्याचा वास येत होता.

एलादियोने समाधानाने हात पुसले.

मग जनरलीणने आपल्या जुन्या, पाच वर्षांच्या मैत्रिणीकडे पाहिलं. हे चिपाड कोण, ते काही तिला ओळखू येईना. मैत्रिणीलाही जनरलीण ओळखू येईना. कोंबडी वासावर जात नाही, ती तोंड आणि रूप बघते, हे मोन्सेरातेला ठाऊक नव्हतं. आतापर्यंत त्या अंगणात दोन परक्या कोंबड्या होत्या. आता सहा झाल्या. चौघींनी पाच वर्षांत लावलेली उतरंड एका बाटलीत कोसळली होती आणि प्रत्येकीला ती पहिल्यापासून लावायची होती. पिसं उडाली, पाण्याचं भांडं उलटलं, एक एलादियोच्या डोक्यावरून गेली.

"यायो," कुंपणाच्या फाटकातून आवाज आला, "मी लवकर आले का रे?"

सोराइदा मिळेल त्या गाडीने दोन तास आधीच येऊन पोचली होती. एका हातात बॅग, एका हातात काठी. एलादियोच्या केसांत पीस, हातात रिकामी बाटली, अंगाला रमचा वास, आणि वेळ सकाळी साडेदहाची.

"ताई, हे तुला वाटतंय तसं नाहीये."

पण सोराइदा त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नाक वर करून फाटकात उभी होती. "आईचा वास येतोय," ती म्हणाली आणि काठी बाजूला टाकून तिथल्या तिथे दगडावर बसून रडायला लागली.

त्याच वेळी मागून नेरेइदा पिशव्या घेऊन आली. तिने रडणारी नणंद पाहिली, मग ओल्या कोंबड्या, मग बाटली. बाटलीवर तिची नजर थांबली.

"ती कुठून घेतलीस?"

"फडताळातून. जुनी पडली होती, म्हटलं..."

"जुनी नव्हती. मुरत होती. तीन महिने. ताईंच्या गुडघ्यांसाठी केली होती मी."

सोराइदाने डोळे पुसले. "माझ्यासाठी? तू केलीस?"

"मग कुणासाठी?"

"पण तुला तर वेळ होत नाही ना या असल्या गोष्टींना. मी दर नाताळात एक बाटली मागायचे. यायो म्हणायचा, नेरेइदाला वेळ नाही."

नेरेइदाने पिशव्या खाली ठेवल्या, अगदी हळू. "मी दर नाताळात पाठवू का म्हणून विचारायचे. हा म्हणायचा, ताई म्हणते न्यूयॉर्कला सगळं मिळतं, उगाच त्रास नको."

दोघींनी मान वळवून एलादियोकडे पाहिलं. कोंबड्याही नेमक्या त्याच वेळी दमून थांबल्या होत्या.

इथे एक सांगायला हवं. एलादियो बत्तीस वर्षं टपाल कचेरीत कारकून होता. परक्यांच्या पत्रातलं एक अक्षर त्याने कधी इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. घरातला निरोप मात्र त्याने एकही धड पोचवला नव्हता. टपालाने दारू जात नाही, त्याला मनाई आहे, हा सरळ नियम होता. पण तो दोघींना समजावत बसायचं, त्यावर दोघींचे प्रश्न झेलायचे, यापेक्षा एकेक छोटं वाक्य सोपं पडायचं. कुणी दुखावू नये म्हणून तो थोडं इथलं कापायचा, थोडं तिथलं जोडायचा. त्याला स्वतःला हे शहाणपणाचं वाटत आलं होतं. आता त्या दोन म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघताना त्याला पहिल्यांदा कळलं की त्यांच्यातली ती अदब त्याने स्वतःच्या हाताने विणली होती. त्याला फार वाईट वाटलं. त्याने ते बोलूनही दाखवलं असतं, पण जनरलीण पुन्हा सुरू झाली.

पिसं वाळली तशा जुन्या चौघी एकमेकींना ओळखायला लागल्या. लगेच सगळ्यांनी मिळून नव्यांना यंत्रावर पिटाळलं. सोराइदा काठी टेकत जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई काय करायची आठवतं, यायो? नव्यांना नाही कोंडायची. जी सगळ्यांत वरचढ असेल ना, तिला उचलायची आणि तीन दिवस टोपलीखाली एकटीला ठेवायची. तेवढ्यात बाकीच्या आपापसांत जमवून घेतात. परत आली की तीच नवी."

"मीही तेच सांगणार होते," नेरेइदा म्हणाली. "जाळीचं पहिलं बोलले, पुढचं ऐकायला हा थांबलाच नाही. ताई, काठी राहू द्या, माझा हात धरा."

जनरलीणला टोपलीखाली घालून घरापुढे गाडी उभी करायच्या छपराखाली ठेवलं. "मुंगूस आहे इथे," नेरेइदा एलादियोला म्हणाली. "दिवसभर लक्ष ठेवायला विश्वासाचा माणूस पाहिजे."

एलादियोला हा मान वाटला. तीन दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत तो टोपलीशेजारी बसून राहिला. जेवणाचं ताट बाहेर यायचं. मुंगूस काही आलं नाही. आतून मात्र आवाज यायचे. पहिल्या दिवशी भांड्यांचे. दुसऱ्या दिवशी भांडणाचे. केळीच्या पिठात अळकुडी किती घालायची यावरून दोघी चांगल्या अर्धा तास जुंपल्या. एलादियो मध्ये पडायला उठला, तर आतून "बाहेर बस" असं दोन आवाजांत ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी हसण्याचे आवाज आले. एलादियोचं नाव दोनदा ऐकू आलं, आणि दोन्ही वेळा त्यानंतर जास्त हसू आलं.

"आपल्याबद्दल बोलताहेत," तो टोपलीला म्हणाला. जनरलीणने आतून टोपलीला एक टोच मारली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की छपरात राखण चालली होती ती एकट्या कोंबडीची नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी टोपली उचलली. जनरलीण अंगणात गेली. दोघी ठिपक्यांच्या तलंगा बाकीच्यांबरोबर दाणे टिपत होत्या. तिने कडेकडेने दोन फेऱ्या मारल्या, एक टोच खाल्ली, आणि गुपचूप सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

एलादियोही घरात गेला. त्याच्या झुलत्या खुर्चीत सोराइदा होती, पाय नेरेइदाच्या मांडीवर. नेरेइदा तिच्या गुडघ्यांना मोन्सेरातेकडून आणलेला मालागेता चोळत होती. कॉफी गाळून झाली होती. दोघींचे कप भरलेले होते, त्याचा पालथा होता.

"स्टुलावर बस," नेरेइदा म्हणाली.

ते स्टूल तो वर्षभर दुरुस्त करणार होता. एक पाय आखूड असल्याने त्यावर बसलं की माणूस डुगडुगायचा. एलादियो जपून टेकला, पण स्टूल हललं नाही. त्याने वाकून पाहिलं. आखूड पायाखाली कुणीतरी कागदाची जाड घडी सारली होती. घडीच्या वरच्या बाजूला विमान कंपनीचं चिन्ह होतं, आणि खाली बहिणीचं नाव.

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग डोळे पुसत, जुन्या सवयीने, तो नेरेइदाकडे वळून म्हणाला, "ताईचं म्हणणं असं दिसतंय की..."

सोराइदाने कप खाली ठेवला. "कोंबडीला तीन दिवस पुरले, नेरेइदा. याला आणखी दोन देऊ या का?"

"चार," नेरेइदा म्हणाली.

"चार," सोराइदा म्हणाली.

एलादियोने आपला पालथा कप सरळ केला, भांड्याच्या तळाला उरलेली कोमट कॉफी स्वतःच ओतून घेतली आणि बाहेर छपरात जाऊन बसला. टोपली आता रिकामी होती, त्यामुळे या खेपेला बोलायलाही कुणी नव्हतं.