शुक्रवारची फेरपरीक्षा

"आता पोटाला हात लावतेय हं. थंड लागेल जरा," सिस्टर म्हणाली, आणि पलंगावरून उत्तर आलं ते घोरण्याचं.

सरावासाठी पेशंट म्हणून आडवा केलेला नवरा झोपला होता. आदल्या दिवशी सासूबाई झोपल्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी नणंद. सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला. बाळंतपणाच्या वॉर्डात उभी हयात गेली तिची, आणि आता कुठे हा नवा अभ्यासक्रम लागला होता. पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत स्वतः तपासायचं, छाती ऐकायची, पोट बोटांनी ठोकून बघायचं आणि डॉक्टरची वाट न बघता काय बिघडलंय ते सांगायचं. पास झाली तर गरोदर बायकांची तपासणीची खोली तिच्या हाती येणार होती. नाहीतर आहेच, दुसऱ्याच्या मागे ट्रे घेऊन उभं राहणं.

"उठा हो! दुखतंय का ते सांगायचंय तुम्ही."

"मघाशी दुखत होतं," नवरा डोळे मिटूनच म्हणाला. "आता कशाला दुखेल?"

यात नवऱ्याचा तरी काय दोष? वर्षानुवर्षं कळा देणाऱ्या बायकांच्या उशाशी बसून सिस्टरला सवयच लागली होती. आधी तळवे घासून ऊब आणायची, काय करणार ते हलक्या आवाजात सांगायचं, आणि पेशंटबरोबर आपणही श्वास घ्यायचा. घ्या... सोडा... सावकाश. कळांमधली बाई यानं शांत व्हायची. ज्याला कळाच नाहीत, तो बिचारा सरळ झोपायचा. त्यातून वॉर्डाची शिस्त अंगात मुरलेली: औषधाची वेळ झाल्याखेरीज झोपलेल्याला उठवायचं नाही.

"परीक्षेत जरा खेकसून बोल बाई," सासूबाई म्हणाल्या. "काल तुझ्या हाताखाली मला लहानपणचं अंगण दिसलं. दोरीवर चादरी वाळतायत आणि मी त्यांच्यामधून पळतेय. उठावंसंच वाटेना."

परीक्षा भर दुपारी होती. परीक्षक बाईंना सगळ्या जणी पाठीमागे 'छडी' म्हणत. पेशंट खोटा होता. नाटकातून निवृत्त झालेला एक नट कॉलेजनं आणला होता आणि पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबलं की कळवळायचं, असं त्याला पढवून ठेवलं होतं.

"काय होतंय?" सिस्टर ठरल्याप्रमाणे खेकसली.

"पोटात... आई गं!" नट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा विव्हळला.

झालं! विव्हळणं ऐकलं आणि सिस्टरचे तळवे आपोआप एकमेकांवर घासले गेले. "घाबरू नका हं काका. श्वास घ्या... सोडा..." छाती ऐकेपर्यंत दुसरं 'आई गं' अर्ध्यावर विरलं. पोटाशी येईपर्यंत काका गेले होते स्वप्नांच्या गावाला. सिस्टरनं उजव्या बाजूला दाबलं. काका गोड हसले.

"उठवा त्याला!" छडी कडाडली.

"बाई, झोपलेत ते."

"मला दिसतंय ते! निदान सांगा."

उत्तर अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं: अपेंडिक्स. सिस्टरलाही ठाऊक होतं. पण हाताला लागत होतं ते मऊ, स्वस्थ पोट. "पोटात काही नाही बाई. माणूस दमलेला आहे."

"तो अपेंडिक्सचा पेशंट आहे!"

"तसं ठरलं असेल. पण हाताला लागत नाही, ते मी कसं सांगू?"

छडीनं चष्मा नाकावर वर ढकलला. मग म्हणाली, "नापास. फेरपरीक्षा शुक्रवारी. पेशंट मी होईन. बघू, मला कशा झोपवता!"

शुक्रवारी छडी चष्म्यासकट ताठ आडवी झाली. सिस्टरचे हात मानेपर्यंत येतात तोच चष्मा घसरला. खिडकीचा पडदा फुगत होता, रिता होत होता. झाडाची सावली भिंतीवर पाण्यातल्यासारखी हलत होती. छडीच्या कपाळावरची आठी विरघळली आणि शाळेतली एखादी मुलगी झोपावी तशी ती झोपली. सिस्टरनं तळपायांपर्यंत सगळं रीतसर तपासलं, अंगावर चादर घातली आणि शेजारी बसून राहिली. शिपाई डोकावला, त्याला तिनं ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं.

उन्हं कलल्यावर छडीला जाग आली. "काय सापडलं?"

"हृदय, फुप्फुसं छान आहेत. मान-खांदे मात्र दगड झालेत. बाई, तुम्हाला झोप लागत नाही ना?"

"हे गेल्यापासून नाही," छडी पुटपुटली आणि लगेच सावरली. "नापास. पेशंटशी बोलणं कमी पडलं. पुढच्या शुक्रवारी या."

पुढच्या शुक्रवारी तळपायांना वेळ कमी दिला म्हणून नापास. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चादर घालायची घाई केली म्हणून.

"झोपेत कसं कळलं गं त्यांना?" नवऱ्यानं विचारलं.

सिस्टरला रडूच फुटलं. या शुक्रवारीही पास झाली नाही, तर सोमवारी तपासणीची खोली दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, असं मेट्रननं बजावलं होतं. रडता रडता ती एकदम थांबली. नवऱ्याचा प्रश्न काही वेडा नव्हता.

त्या शुक्रवारी ती गेली, पण तळवे घासलेच नाहीत. छडी केव्हाच आडवी होऊन, चष्मा काढून वाट बघत होती.

"बाई, एक विचारू? पास झालेल्या बाईनं शुक्रवारी इथं यायचं नाही, असा कॉलेजचा काही नियम आहे का?"

पडदा एकदा फुगला, एकदा बसला.

"नाही, म्हणजे मी येईन," सिस्टर म्हणाली. "पास झाले तरी येईन."

छडीनं तोंड भिंतीकडे वळवलं. बोलली तेव्हा आवाज भिजलेला होता, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडी 'तू' आलं.

"मग हे आधी नाही का सांगायचं, वेडे! पास तर तू पहिल्याच दिवशी झाली होतीस."