फितींच्या दरबाराची बखर

॥ श्री ॥ ज्याचे नामीं दहा अनोळखी एका टाळावर येतात, आणि ज्याचे दारीं आलियास "कोण, कोठील, कोणते हुद्द्यावर" हा सवाल होत नाहीं, त्या सावळ्या स्वामीस साष्टांग नमन करून, आणि कीर्तनांत पुढें बसणारे व मागें बसणारे अवघे सज्जन यांची पायधूळ मस्तकीं धरून, ही हकीकत लिहावयास घेतली. गोष्ट गोड असती तर गाऊन सांगितली असती. तशी नाहीं, म्हणोन लिहिली.

शके एकोणीसशें चवेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं नदीकांठचें राजधानीचें शहर बहुत भरभराटीस आलें होतें. कांचेचे महाल आभाळास भिडले आणि त्यांत संगणकाची चाकरी करावयास चहूं मुलखांतून तरणी मंडळी पाठीस पिशव्या लावून दाखल जाहली. चाकरी उत्तम, पगार उत्तम, परंतु संध्याकाळीं बोलावयास माणूस नाहीं, ऐसा प्रकार. शेजारचे दारावर पाटी कोणाची हें वर्ष उलटलें तरी ठाऊक नसे, आणि जेवणाचा डबा घेऊन येणारा स्वार दारीं आला, त्याशीं दोन शब्द अधिक बोलावे, तर तोही घाईनें जिना उतरून जाई. त्यांत वाईकर कौस्तुभपंत वाळिंबे आणि अंबाजोगाईकर दिगंबरराव देशमाने हे दोघे एका बिऱ्हाडीं राहत होते. कंपन्या वेगळाल्या, जीव एक. मग एके शनिवारीं दिगंबरराव खिडकीपाशीं बसून बोलिले कीं, "कौस्त्या, या बिल्डिंगमध्ये आपल्यासारखे निदान शंभर असतील. सगळे आत्ता मोबाईल बघत एकेकटे खात असतील." कौस्तुभपंत म्हणाले, "मग? त्यांच्या ताटात जाऊन बसू?" "त्यांना आपल्याकडे बोलावू." "ताटं दोनच आहेत, दिगू." "कागदाची आणू." इतकी मसलत जाहली आणि राज्याचा पाया तेथेंच पडला.

गच्चीवर अंथरावयास आमचे भजनी मंडळाच्या सतरंज्या मागून नेल्या, म्हणोन हें वर्तमान आम्हांस पहिल्यापासून ठाऊक. पहिले शनिवारीं सात आसामी आले, मग वीस आले, मग जिन्यांत चपला मावेनात. कौस्तुभपंत बोलण्यांत वाकबगार, त्यांनीं निरोपानिरोपी करावी, आणि दिगंबररावांनीं जिन्याचे तोंडाशीं उभें राहावें, ऐशी कामाची वाटणी होती. दिगंबररावांचें कसब काय सांगावें. नवा माणूस बुजून उभा राहिला कीं ते त्याशीं घटकाभर बोलत आणि मग मनगट धरून त्यास नेमक्या माणसाजवळ नेऊन बसवीत. "हा निपाणीचा. याच्या घरी चार मांजरं आहेत आणि तुला मांजरं आवडत नाहीत. बसा, भांडा." ऐसें म्हणत, आणि ते दोघे खरोखरच भांडत, आणि पुढले शनिवारीं जोडीनें येत. तेजस्विनीबाई हुलवळे म्हणोन एक फटकळ मुलगी तिसरे खेपेपासून कारभारांत होती, तिनें एकदां विचारिलें, "दिगू, माझी गाठ कोणाशी घालतोस?" दिगंबरराव बोलिले, "तुझ्याशी पंधरा मिनिटं बोलून जो शुद्धीवर राहील त्याच्याशी. अजून सापडला नाही." गच्ची हसली. आम्ही कीर्तनाचे लोभी. कीर्तनास उभे राहणारे बुवा आम्ही बहुत पाहिले, बुक्क्याची वाटी फिरते तीही पाहिली. कपाळोकपाळीं एकच काळा टिळा, त्यावरून मामलेदार कोणता आणि हमाल कोणता हें कळत नाहीं, आणि शेवटीं सर्वांनीं सर्वांचे पायां पडावयाचें. त्या गच्चीवर टाळ नव्हते, मृदंग नव्हता, देवाचें नांवही कोणी घेत नव्हतें, परंतु आमचा जीव तेथें तसाच निवत असे, हें खरें लिहितों.

मग राज्य वाढलें. गच्ची अपुरी पडली म्हणोन मोठे हॉटेलाचा दिवाणखाना घेतला, आणि सतरंज्या आमच्या आम्हांस परत आल्या, झाडून, घडी करून. कौस्तुभपंत सूत्रधार जाहले, हातीं ध्वनिक्षेपक आला, आणि शहरांतील मातबर कंपन्यांचे सरदार दरबारास येऊं लागले. येणारे शेंकडों, दिगंबरराव एकटे, कोणाचें मनगट धरावें आणि कोणाचें सोडावें. लोक कुरकुर करूं लागले कीं, दोन तास फिरलों आणि कामाचा माणूस भेटलाच नाहीं. तेव्हां कौस्तुभपंतांनीं तजवीज काढिली कीं, जो चाकरी देऊं शकतो त्यानें छातीस हिरवी फीत लावावी, जो चाकरी शोधतो त्यानें पिवळी लावावी, आणि जो नुसता भेटावयास आला त्यानें पांढरी. लांबूनच कळावें, कोणाचा वेळ जाऊं नये. मसलतीस तिघे बसले असतां दिगंबरराव फीत बोटावर गुंडाळीत राहिले आणि म्हणाले, "कौस्त्या, आलेल्याला आधी पाणी द्यावं का आधी विचारावं, तहान लागली म्हणूनच आलास ना?" कौस्तुभपंत बोलिले, "तू प्रत्येक गोष्टीत भावना आणतोस. नोकरी शोधणं लाजेचं आहे का?" "नाही." "मग दिसली तर काय बिघडलं?" तेजस्विनीबाई म्हणाल्या, "पांढरी कोण लावणार? ते फक्त समोसे खायला आलेत असं वाटेल." आणि तसेंच जाहलें. दोन दरबारांत पांढऱ्या फिती संपूर्ण उरल्या, हिरव्या आणि पिवळ्या पुरेनात. आणि हें मान्य केलें पाहिजे कीं फितींनीं कित्येकांस चाकऱ्या मिळाल्या. कौस्तुभपंत दुष्ट नव्हेत, लोभी नव्हेत. घाईंत होते, इतकेंच.

पुढें कौस्तुभपंतांनीं स्वतःचें घर घेतलें आणि दिगंबरराव जुन्याच बिऱ्हाडीं एकटे राहिले. शके एकोणीसशें सेहेचाळीस लागलें, संवत्सराचें नाम क्रोधी, परंतु क्रोध कोणास आला नाहीं, आला तो संकोच. त्या सालीं परदेशांतील धन्यांनीं हुकूम सोडिले आणि महालामहालांतून माणसें कमी जाहलीं. दिगंबररावांस सकाळीं निरोप आला आणि दुपारीं गळ्यांतील ओळखपत्र दारावर ठेवून ते बाहेर आले. घरीं वडिलांस सांगितलें. वडिलांचें अंबाजोगाईस कापडाचें दुकान, ते बोलिले, "ये की परत. गल्ल्यावर बसायला माणूस हवाच आहे." दिगंबरराव म्हणाले, "थोडं थांबा बाबा. इथं माझी माणसं आहेत." या एका शब्दावर ते थांबले. अर्ज बहुत केले, जाब कोठून आला नाहीं. कौस्तुभपंतांस दोन वेळां भेटावयाचें ठरविलें, दोन्ही वेळां पंत सभेंत होते. मग दिगंबररावांनीं मनाशीं म्हटलें कीं, आपलाच दरबार, आपणच जावें, आणि ज्याचे बरोबर तो उभा केला त्याचे समोर उघड उभें राहावें. त्यानें हात धरिला तर या शहरीं राहूं, न धरिला तर दुकान आहेच.

कार्तिक मासीं मोठा दरबार भरला. रायरीकर साहेब म्हणोन एके कंपनीचे थोर सरदार येणार होते, त्यांचे पदरीं पुष्कळ जागा भरावयाच्या होत्या, आणि दरबाराचा वर्षाचा खर्च तेच उचलतील ऐशी आशा होती. आम्हांसही सतरंजीचें जुनें नातें म्हणोन बोलावणें आलें, एका खुर्चीवर बसविलें आणि पांढरी फीत लाविली. दारापाशीं तेजस्विनीबाई फिती देत होत्या. दिगंबरराव आले, बाईंनीं न विचारतां हिरवी पुढें केली. "पिवळी दे," दिगंबरराव म्हणाले. "चेष्टा पुरे, मागे रांग आहे." "तेजू, पिवळी दे." मग बाई उठून उभ्या राहिल्या, कांहीं बोलूं गेल्या, तों मागील गर्दीनें त्यांस बोलूं दिलें नाहीं. दिगंबररावांनीं फीत स्वहस्तें लाविली, नीट, सरळ, आणि आंत गेले. ज्यांस त्यांनीं गच्चीवर मनगट धरून बसविलें होतें ते हिरव्या फितीचे सरदार होऊन जागोजाग उभे होते. एक धांवत आला, "अरे दिगू, किती दिवसांनी—" आणि नजर छातीवर गेली. "चुकून लावलीस का रे?" "नाही, बरोबर लावलीय." "अच्छा. अच्छा. मग रिझ्युमे पाठवून ठेव हं." दुसऱ्यास त्याच क्षणीं फोन आला. तिसरा बहुत प्रेमानें खांद्यावर हात ठेवून बोलला, आणि बोलतां बोलतां त्याचें पाऊल मागें मागें जात होतें, हें आम्हीं खुर्चीवरून पाहिलें.

इतक्यांत कौस्तुभपंत रायरीकर साहेबांस घेऊन दिवाणखान्यांतून फिरत आले. साहेब विचारीत होते, "यात खरोखर चांगले कोण, ते सांगा." आणि समोर चार हातांवर दिगंबरराव. पंतांनीं त्यांस पाहिलें, फीत पाहिली, आणि चेहरा उतरला. मनांत काय आलें तें पंतांनीं मागाहून आम्हांस सांगितलें कीं, येथें थांबलों तर साहेब म्हणतील, दरबार उभा करणाराच बेकार, मग दरबाराची किंमत काय, आणि दिगूसही चारचौघांत अवघड होईल, त्यापेक्षां उद्यां निवांत बोलूं, आणि सर्व जमवून देऊं. इतका विचार एका पावलांत जाहला. पंतांनीं हात किंचित वर केला, "नंतर" ऐशी खूण केली, आणि वळले. साहेबांनीं विचारिलें, "ओळखीचे?" पंत बोलिले, "हो, आमचे जुने सभासद." आणि पुढें गेले. दिगंबररावांनीं तें ऐकिलें. ते जागचे हलले नाहींत. मग शेजारीं उदगीरची प्रणिता नामें एक मुलगी, तीही पिवळी, भिंतीस लागून उभी होती, तिशीं त्यांनीं घटकाभर बोलणें केलें, मग तिचें मनगट धरून एका हिरव्याकडे नेलें आणि म्हणाले, "ही तुझ्यासारखीच चुका शोधण्यात हट्टी आहे. हिच्या प्रोग्रॅममधली चूक तू काढून दाखव." ते दोघे बोलूं लागले. त्या मुलीस पुढें चाकरी लागली. ती जोडी लावून दिगंबरराव आमचे खुर्चीपाशीं आले, पायां पडले आणि म्हणाले, "काका, येतो." मंचावर कौस्तुभपंतांचें भाषण चालू होतें कीं, या दरबारांत आलेला कोणी एकटा राहत नाहीं, आणि टाळ्या पडत होत्या.

पंतांचा "उद्यां" आला आणि गेला. साहेबांनीं खर्च उचलला, सत्कार जाहले, बोलावणीं आलीं. पंतांनीं दिगंबररावांस निरोप धाडिला, "बोलूया लवकरच." जाब आला, "निवांत." मग एके दिवशीं तेजस्विनीबाई कचेरींत येऊन म्हणाल्या, "दिगूनं खोली सोडली. गेला घरी." पंत म्हणाले, "सुटीला?" बाई बोलिल्या, "कौस्तुभ, तू सूत्रसंचालन छान करतोस." आणि निघून गेल्या. तेव्हां पंत जागे जाहले. त्यांनीं रायरीकर साहेबांकडे खेटे घालून दिगंबररावांसाठीं जागा पक्की केली, आणि बस धरून अंबाजोगाईस गेले. देवळाकडील रस्त्यास दुकान, दिगंबरराव गादीवर बसून साडीचा पदर उलगडून दाखवीत होते. पाहतांच उठले, चहा मागविला, वडिलांशीं गांठ घातली. गिऱ्हाईक गेल्यावर पंत म्हणाले, "अरे, मला सांगायचंस तरी." दिगंबरराव साडीची घडी घालीत बोलिले, "सांगितलं की. छातीवर लावून आलो होतो."

पंत गादीच्या कांठावर बसले. मग म्हणाले, "साहेब बरोबर होते रे. तुला चारचौघांत अवघड होऊ नये म्हणून मी—" "मला अवघड नव्हतं. तुझ्याकडेच चालत आलो होतो." "रागावला आहेस." "रागावलो असतो तर तिथंच राहिलो असतो. भांडायला माणूस जवळ लागतो." मग पंतांनीं जागेचें सांगितलें, सोमवारपासून रुजू व्हावें, पगार पूर्वीपेक्षां बरा. दिगंबररावांनीं विचारिलें, "काय सांगितलंस साहेबांना? जुने सभासद?" पंतांनीं मान खालीं घातली. तें पाहून दिगंबररावांसच वाईट वाटलें, ते हळू बोलिले, "जागा चांगली असेल, कौस्त्या. तू धावपळ केलीस, तेही कळतं. पण तिथं गेलो की पुढच्या महिन्यात मी हिरवी लावून उभा असेन, आणि समोर पिवळा आला की मलाही फोन येईल. ते मला नको." पंतांनीं बहुत आर्जव केलें. दिगंबररावांनीं ऐकून घेतलें, नाहीं म्हटलें, आणि जेवावयास घरीं नेलें. ताटें मांडिलीं, आग्रह जाहला, गप्पाही जाहल्या, हसणेंही जाहलें. परंतु पूर्वी जें न सांगतां कळत होतें, तें आतां विचारूनही कळेना, ऐसें पंत आम्हांस सांगत होते, आणि सांगतां सांगतां डोळे पुसत होते. आम्हीं त्यांस जवळ घेतलें. दुसरें काय करावें.

येणेंप्रमाणें हकीकत. कौस्तुभपंतांनीं परत येतांच फिती बंद केल्या आणि तेव्हांपासून ते स्वतः दारापाशीं उभे राहतात. कोणास कोणाजवळ बसवावें हें त्यांस उमगत नाहीं, तरी ते मनगट धरितात. दरबार अद्यापि भरतो, चाकऱ्या मिळतात, दिवाणखाना पुरत नाहीं. फीत कोणाचेही अंगावर नाहीं. परंतु माणूस माणसास भेटतां नजर प्रथम छातीवर जाते, आणि मग चेहऱ्यावर येते.