थाळीफेक्याची सही

दोष सगळा कला महाविद्यालयाचे प्राचार्य हुपरीकर यांचा. पुतळ्यावरून काढलेल्या प्रत्येक अभ्यासचित्रावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारायचा आणि खाली खुद्द पुतळ्याची सही आणायची, हा नियम त्यांनीच काढला.

निवृत्तीला चार महिने उरले की माणसाला असलं काहीतरी सुचतंच. “दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले भले भले चित्रकार रोमला जाऊन पुतळेच गिरवत बसायचे,” असं ते वर्गावर्गात सांगत. स्वतः कधी मिरजेच्या पलीकडे गेले नव्हते.

इंद्रजित खोताच्या वाट्याला थाळीफेक्या आला. प्लास्टरचा, कमरेत वाकलेला, थाळीचा उजवा हात मागे ताणलेला. चित्र द्यायची आज शेवटची तारीख होती. सही नाही, तर डिप्लोमा नाही.

“करा की राव सही,” इंद्रजित म्हणाला.

“हातात थाळी आहे, दिसत नाही?”

“डाव्या हाताने करा.”

“तो गुडघ्याशी आहे. काढला तर तोंडावर आपटेन.”

“मग थाळी ठेवा खाली.”

पुतळ्याने थाळी ठेवली, कंबर सरळ केली, पेन घेतलं आणि चित्र नीट पाहिलं. “यातला माणूस वाकलाय. मी उभा आहे. खोट्या प्रतीवर सही करत नसतो मी.”

तो पुन्हा वाकला. “आता जुळतंय. पण आता हात नाही.”

इंद्रजितने हुपरीकर सरांना गाठलं. “सर, नियम बदला.”

“आमच्या वेळी आम्ही ब्र काढत नव्हतो,” सर म्हणाले. “तुम्हाला साधी सही आणता येत नाही! चल, दाखवतो.”

ते तरातरा आले. “आणा ती थाळी इकडे. मी धरतो.”

“नुसती धरून भागणार नाही,” पुतळा म्हणाला. “माझ्यासारखे वाका. चित्र कशाशी तरी जुळायला पाहिजे.”

सर वाकले. शर्टाचं बटण उडालं. पुतळ्याने चित्र सरांशी ताडून पाहिलं. “पोटात फरक आहे. पण तो दोष मूळ प्रतीचा, चित्राचा नाही.” आणि सही ठोकली.

“घ्या आता तुमची थाळी,” सर म्हणाले.

“अजून एकोणीस पोरं रांगेत आहेत. तुम्ही हललात की सगळ्यांची चित्रं खोटी. नियम तुमचाच.”

एकोणीस जणांच्या चित्रांवर सह्या करून, पेन कानावर अडकवून पुतळा चहाला गेला. तोवर पुढची तुकडी सरांना गिरवायला येऊन बसली होती.

इंद्रजितला डिप्लोमा मिळाला. सरांचा निरोप समारंभ त्याच वर्गात झाला. शाल पाठीवर टाकली, नारळ पायाशी ठेवला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीच्या दाखल्यावर सही करावी लागते. सरांचा हात मोकळा नव्हता. कागदोपत्री हुपरीकर सर वारले.