हरवल्याचा ठराव

रविवारी सकाळी अकरा वाजता चष्मेवाले हरवले. त्या वेळी ते प्रार्थनामंदिरात खिडकीलगतच्या बाकावर बायकोशेजारी बसले होते. ठराव वाचून दाखवण्यात आला, त्याला अनुमोदन मिळाले, विरोधात कुणी नव्हते. चष्मेवाल्यांनी स्वतःही हात वर केला होता.

याचे मूळ प्रांतिक सभेत होते. या प्रार्थनामंदिराची मंडळी प्रेसबिटेरियन या ख्रिस्ती पंथाची. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळीचे पाळक आणि निवडलेले वडीलजन एकत्र बसतात आणि सूचना, अनुमोदन, समिती या मार्गाने कारभार करतात. आसपासच्या मंडळ्यांची मिळून प्रांतिक सभा होते. या सभेने आजवर एकही चुकीचा निर्णय घेतला नव्हता, कारण निर्णय नेहमी समितीकडे असत. यंदा मात्र सभेला स्वतःचे ध्येय ठरवावेसे वाटले आणि बाहेरून एक ध्येयतज्ज्ञ बोलावण्यात आला.

"तुमची संस्था नेमकं करते काय?" त्याने पांढऱ्या फळ्यासमोर उभे राहून विचारले.

मागून एक वडीलजन म्हणाले, "आम्ही सभा घेतो."

पुष्कळ चर्चेनंतर 'हरवलेल्यांना शोधणे' हे ध्येय मंजूर झाले. मोजता येत नाही ते ध्येय नव्हे, असे तज्ज्ञाचे म्हणणे पडले. तेव्हा कुणीतरी येशूच्या दृष्टांतातल्या शंभर मेंढरांपैकी हरवलेल्या एकाची आठवण करून दिली. "शंभरात एक म्हणजे एक टक्का," तज्ज्ञ खूश होऊन म्हणाला, "हे साध्य होण्याजोगं आहे." त्यानुसार प्रत्येक मंडळीने वर्षाअखेर एक हरवलेला माणूस शोधून परत आणावा, असे उद्दिष्ट ठरले.

चष्मेवाल्यांच्या मंडळीत अडचण अशी होती की हरवलेला कुणी नव्हता. काही वारले होते, काही बदली होऊन गेले होते. येणे सोडलेला एकच माणूस होता, तो म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पाळकसाहेब त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "मी विचार करून सोडलंय. मला हरवलेला म्हणालात तर रागाच्या भरात परत येईन आणि प्रत्येक ठरावाला विरोध करीन." पाळकसाहेब घाईने उठले.

तिथून ते थेट चष्म्याच्या दुकानात आले. उगाच एक फ्रेम डोळ्यांवर चढवून त्यांनी आरशात पाहिले.

"एक विनंती होती. जरा हरवाल का?"

"मी? मी तर दर रविवारी येतो."

"म्हणूनच. जो येतच नाही तो आला नाही, हे कुणाला कळणार? तुम्ही नसलात की बाक रिकामा दिसतो. दोनच रविवारांचा प्रश्न आहे. मग शोध समिती येऊन तुम्हाला सन्मानाने घेऊन जाईल."

आपल्या नसण्याने बाक रिकामा दिसतो, हे चष्मेवाल्यांना आजवर कुणी सांगितले नव्हते. ते हरवायला तयार झाले.

"घरात असून तुम्ही सापडत नाही," बायको म्हणाली, "तेवढ्यावर त्यांचं भागलं नसतं का?"

पुढच्या रविवारपासून ते प्रार्थनामंदिरासमोर, रस्त्यापलीकडच्या बाकावर बसू लागले. मंडळीतल्या सर्वांना त्यांना न पाहण्याची सूचना होती. त्यांच्याच हातचे चष्मे घातलेली माणसे त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत आत जात. फक्त एक आजी रस्ता ओलांडून आल्या. "मी तुम्हाला पाहिलं नाही हं," त्या म्हणाल्या, "तेवढी दांडी ढिली झालीय, बघा." चष्मेवाल्यांनी स्क्रू घट्ट करून दिला. आजी आकाशाकडे पाहत आभार मानून गेल्या.

आत त्यांच्यासाठी प्रार्थना होत असे. जिथे कुठे असतील तिथे त्यांना सुखरूप ठेव, असे पाळकसाहेब मोठ्याने म्हणत. चष्मेवाल्यांना ते स्पष्ट ऐकू येई. एकदा त्यांना ठसका लागला, तेव्हा प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून खिडकी लावून घेण्यात आली.

दोनाचे पुष्कळ रविवार झाले. सांत्वनासाठी शेजारणी घरी आल्या. दारू की बाई, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

"समिती," बायको म्हणाली.

"अरेरे," शेजारणी म्हणाल्या.

इथवर चष्मेवाल्यांची तक्रार नव्हती. पण येत्या शनिवारी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे लग्न होते, आणि चालीप्रमाणे तिचा हात धरून त्यांना तिला वेदीपर्यंत न्यायचे होते. लहानपणी ती त्यांच्या पायांवर पाय ठेवून दुकानभर हे चालणे चाले. तेव्हापासून हे ठरलेले होते. शोध समितीचे निमंत्रक हे त्यांचे होणारे व्याही. तेव्हा ते व्याह्यांच्या घरी गेले. व्याह्यांनी दार उघडले, पाहिले आणि लगेच लावून घेतले.

"मला इथं दिसू नका," ते दाराआडून म्हणाले. "तो वैयक्तिक शोध होईल. समितीचा व्हायला हवा."

"मग समिती का येत नाही, व्याहीबुवा?"

"गणपूर्ती होत नाही. समितीत आम्ही तिघं. मी, पाळकसाहेब आणि तुम्ही. तिघंही हजर असल्याशिवाय बैठक नाही."

हे खरे होते. गावातल्या प्रत्येकाचे नाक आपल्याला ठाऊक आहे म्हणून चष्मेवाले हौसेने शोध समितीवर निवडून आले होते.

"मी येतो की बैठकीला."

"हरवलेला माणूस बैठकीला येतो का कुठं?"

"मग माझ्या जागी दुसरा घ्या."

"आपल्या नियमात राजीनामा नाही. जागा रिकामी व्हायला तुमचं नाव मंडळीतून कमी करावं लागेल. ते केलं की तुम्ही आमचे नाही. जो आमचा नाही तो आमच्यातून हरवला कसा म्हणायचा?"

"आणि मी आपणहून आलो तर?"

"मग तुम्ही हरवला नव्हता, नुसते गैरहजर होता. आपण प्रांतिक सभेला कळवून बसलोय, व्याहीबुवा. ते खोटं ठरेल. देवाच्या घरात खोटं कसं चालेल?"

"शनिवारी मला मुलीला आत आणायचंय."

दाराआडून आवाज आला, जरा खाली आलेला. "मुलगा माझाच आहे. मला काय वाटत नसेल? मी विषय वर पाठवलाय."

वरून ध्येयतज्ज्ञ पाहणीसाठी आला. बुटाची नाडी बांधायला तो चष्मेवाल्यांच्या बाकावर बसला आणि त्यांनाच प्रार्थनामंदिर कुठे आहे ते विचारले. त्यांनी बोट दाखवले. आत जाऊन त्याने सांगितले की इथे प्रत्यक्ष जमिनीवर काम दिसते. मंडळी 'उद्दिष्टपूर्तीच्या मार्गावर' असल्याचे सभेने नोंदवले, शोधाला मुदतवाढ दिली आणि इतर मंडळ्यांनीही आपापला माणूस लवकर हरवावा, असे सुचवले.

शनिवारी चष्मेवाले कोट घालून बाकावर बसले होते. ऑर्गन सुरू झाला. गाडीतून मुलगी उतरली, दाराकडे न वळता रस्ता ओलांडून आली.

"बाबा, उठा."

"मी आत आलो तर तुझ्या सासऱ्यांचं उद्दिष्ट जाईल."

"बरं, मग सरका जरा."

ती झगा आवरून शेजारी बसली. ऑर्गनवाल्याने प्रवेशाची धून पुन्हा पहिल्यापासून घेतली. थोड्या वेळाने नवरा मुलगा बाहेर डोकावला, वडिलांकडे बघून इकडे आला. मागोमाग चष्मेवाल्यांची बायको आली. ती येताना म्हणाली, "एवढं सगळं माझ्याशिवाय?"

दारात पाळकसाहेब आणि व्याही उरले. पाळकसाहेबांनी एक पाय रस्त्यावर टाकला.

"ओलांडला तर शोध धरला जाईल का?"

"बैठकीच्या ठरावाशिवाय नाही," व्याही म्हणाले. ते मुलाकडे बघत होते, पण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

पाळकसाहेबांनी पाय मागे घेतला.

शेवटची माहिती हाती आली तेव्हा ऑर्गन वाजत होता. हरवलेल्यांची संख्या चारवर गेल्याबद्दल प्रांतिक सभेने मंडळीचे अभिनंदन केले आहे. बाक अपुरा पडत असल्याने दुसरा बाक देण्याचा विषय समितीपुढे आहे. लग्न व्हायचे आहे. सदर व्यक्ती कुणाला दिसल्यास हाक मारू नये, समितीस कळवावे. त्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या सर्वांनी आजवर ही सूचना काटेकोरपणे पाळली आहे. आपणही पाळाल, याविषयी सभेला शंका नाही.