एका दमात नाव

टेकूभाऊ तेरवीच्या पंगतीतही शिट्टी वाजवतात. परवा कोणीतरी वाढप्याला "ए काळ्या, वरण आन," म्हणाला आणि शिट्टी अशी कर्कश झाली की वरण भलत्याच्याच पत्रावळीत पडलं.

आमच्या कुरखेड्याच्या कबड्डी क्लबाचे ते पंच. फुकटचे, पण कडक. त्यांचा एक कायदा आहे. ज्यानं कोणाला रंगावरून, जातीवरून, दिसण्यावरून चिडवलं, त्यानं चढाई करायची आणि "कबड्डी कबड्डी"च्या जागी त्या माणसाचं खरं नाव घ्यायचं, एका दमात. दम जरा तुटला की आऊट, चढाई पुन्हा. "नाव घेऊन घेऊन जिभेले वळण लागते जी," असं त्यांचं म्हणणं. कुरकुर केली तर मैदान आखत नाहीत, कारण चुन्याची गोणी त्यांच्याच घरी असते.

गेल्या मंगळवारी मीच सापडलो, म्हणजे खुद्द क्लबचा सेक्रेटरी. मुलींच्या टीममध्ये सुनंदा नवीन आली होती. तिचे वडील तलावात मासे धरतात. मी सहज ओरडलो, "ए मासोळी, सरक तिकडे." सगळे हसले. सुनंदानं चपला घातल्या.

"उद्यापासून येत नाई मी," ती म्हणाली.

शिट्टी झाली. "सेक्रेटरीसायब, चढाई."

"सुनंदा सुनंदा" करत मी तीनदा आऊट झालो. चौथ्यांदा जमलं, तर नेमकी माझी बायको मैदानाच्या कडेला उभी. तिचं नाव मंगला. त्या संध्याकाळी मी मुरमुऱ्यांवर भागवलं.

सुनंदाला मात्र हसू फुटलं. चपला काढून ती आत आली आणि म्हणाली, "भाऊ, टेकू तं चिडवाचं नाव झालं. तुमचं खरं नाव काय हाये जी?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू, काठी टेकत चालतात, म्हणून टेकू. वीस वर्षं आम्ही मागे 'भाऊ' लावून खूश होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊंनी शर्टाला शिट्टी पुसली. "यशवंत. माय म्हने. माय गेल्यावर कोनी म्हटलंच नाई."

कोणी न सांगता मी मध्यरेषेवर गेलो, छातीत दम भरला. "यशवंत यशवंत यशवंत..." भाऊ शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले. अर्ध्यातच माझा दम तुटला, सगळ्यांना ऐकू गेलं, आणि त्यांनी मला आऊट दिलं नाही.