विद्येला पाय

जितेशने ती चपटी काळी पेटी जमिनीवर ठेवली, वायर खोचली, गिटार गळ्यात अडकवली आणि उजव्या पायाचा अंगठा एक नंबरच्या बटनावर दाबला. त्याबरोबर गिटारमधून सतार वाजली आणि स्वयंपाकघरातून येसूबाई ओरडल्या.

"अरे मेल्या, विद्येवर पाय?"

येसूबाई म्हणजे मुरारीच्या आई. वय पंच्याहत्तर. ऐकायचं असेल तेवढंच त्यांना ऐकू येई, पण घरात कोण कशाला पाय लावतो हे भिंतीपलीकडून दिसे. त्या पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. खुर्चीत बसलेल्या मुरारीचा हात तोवर आपोआप कपाळाकडे गेलाही होता. भाच्याच्या पायाचा नमस्कार मामाने उरकून टाकला.

"आजी, ही पायानंच दाबायची असते. प्रोसेसर म्हणतात याला. कंपनीनंच तशी बनवलीय."

"कंपनीला आई नसंल."

"अगं, दोन्ही हात गिटारवर असतात ना! तुमच्या भजनातल्या पायपेटीला नाय का पाय लावत?"

"तिच्या भात्याला लावतात. सुरांना हातच लागतो." येसूबाईंनी पळीने पेटीकडे बोट करावं तसं केलं. "ही काय भाता हाय? हिच्यातून सूर येतो. मी ऐकला."

जितेश मामाकडे वळला. मुरारीला हा तंटा मिटवायची घाई होती. कारण शनिवारचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता.

मुरारी महाडच्या कोर्टात नकलांच्या टेबलावर कारकून. निकालाची अक्षरन् अक्षर नक्कल काढायची, मूळ कागद जागेवर ठेवायचा, यात त्याची सव्वीस वर्षं गेली. कोर्ट सुटलं की तो बेंजो पार्टीचा मालक. टाइपरायटरसारख्या कळा, खाली तारा आणि कडेला वायर खोचायचं भोक, असा त्याचा बेंजो गेली बावीस वर्षं महाड ते पोलादपूर कुठल्याही हळदीत पहिला वाजे. त्यातही औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यातली श्रावणातली सत्यनारायणाची पूजा म्हणजे त्याचा मानाचा कार्यक्रम. अकरा वर्षं तो मान दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता. पण यंदा, दोन हजार चार साली, कारखान्यात संजीवनी मॅडम नावाच्या नव्या अधिकारी आल्या होत्या.

"मुरारीभाऊ, तुमच्याबद्दल आदर आहे," त्या म्हणाल्या होत्या. आदराने सुरू झालेलं वाक्य कुठे संपतं हे कोर्टातल्या माणसाला कळतं. "पण आमच्या तरुण कामगारांना काहीतरी नवीन हवंय. यंदा तुम्ही करा. जमलं नाही, तर पुढच्या वर्षी पनवेलचा ऑर्केस्ट्रा सांगू."

म्हणून जितेश. मुरारीच्या बहिणीचा मुलगा, जन्म पोलादपूरचा. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात तीन वर्षं आधी वायरी उचलून आणि मग गिटार वाजवून परतलेला. येताना मालकाकडून दोन जुन्या वस्तू घेऊन आला होता. एक गिटार. तिच्यावरची गोल कळ फिरवली की तीच गिटार बारा तारांची होई, आणखी फिरवली की परदेशी बेंजो होई. दुसरी ही पेटी. तिच्यात सतार, गरगर, घुमारा आणि कानाचे पडदे फाडणारी एक खरखर. ती खरखर मुद्दाम केलेली आहे, हे मुरारीला दोनदा सांगावं लागलं.

"सॉलिड हाय ना, मामा? सब कुछ मॉडेलिंग. एका गिटारमध्ये सगळी वाद्यं."

"नक्कल सुबक हाय," मुरारी म्हणाला. "पण मूळ कुठाय?"

मांडणीतच दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी पेटीतून नुसतंच घूंऽऽ असा आवाज येत होता. जितेशने सगळ्या वायरी बदलून पाहिल्या. शेवटी समजलं, की घरच्या बोर्डाला दोनच भोकं म्हणून एक्स्टेन्शनच्या पिनेचा तिसरा पाय मुरारीनेच मागच्या गणपतीत पकडीने तोडला होता. "अर्थिंग गेलं ना मामा!" जितेश कळवळला. दुसऱ्या दिवशी नवी पिन आणि तीन भोकांचा बोर्ड आला, घूं गेलं, आणि पळी घेऊन येसूबाई आल्या.

तोडगाही त्यांनीच काढला. "हत्याराला खंडेनवमी होते. हिची झालेली नाय. पाटावर बसवा, पूजा करते, मग वाजवा काय ते."

पाट आला. पेटीला हळद लागली, कुंकू लागलं, अक्षता पडल्या, वर तांबडं फूल बसलं. बटनाशेजारचा लाल दिवा नंदादीपासारखा दिसू लागला. आणि गंमत अशी झाली, की आता जितेशचाच पाय उचलेना. त्याने दोनदा अंगठा नेला, दोनदा मागे घेतला. मुंबईच्या तीन वर्षांपेक्षा पोलादपूरची तेवीस भारी पडली.

"हातानं दाबायला माणूस लागंल," तो म्हणाला. "ओळ कुठं संपते, ते कळणारा."

ढोलकीवाला हैबती कोपऱ्यात ढोलकीला शाई लावत बसला होता. त्याने आपले दोन्ही हात वर करून दाखवले. त्याचे हात गुंतलेले. उरला मुरारी.

"मी बटनं दाबू? मग बेंजो?"

जितेश जमिनीकडे बघत म्हणाला, "बेंजो... गिटारमध्ये हाय ना, मामा."

हैबतीने शाई पुन्हा नव्याने लावायला घेतली. मुरारीला पनवेलचा ऑर्केस्ट्रा आठवला, संजीवनी मॅडमचा आदर आठवला, आणि त्याने कपाटातून कोर्टाचा एक कोरा तक्ता काढला. गाणे, कडवे, ओळ, बटन क्रमांक. शुक्रवारपर्यंत सत्तेचाळीस नोंदी झाल्या. तालमीत एकही बटन चुकलं नाही. मूळ कागदाबरहुकूम काम करायचं, यात मुरारीचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

शनिवारी दुपारी अडीचला ते कारखान्यात पोचले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, पाट घरीच राहिला. दोन, कॅन्टीनच्या शेडमध्ये चालू असलेला वीजबोर्ड एकच, आणि तो सत्यनारायणाच्या चौरंगाला लागून. बेंजो घेतल्याशिवाय कार्यक्रमाला निघायची मुरारीला सवय नव्हती, म्हणून वाजवायचा नसूनही बेंजोचा लाकडी खोका बरोबर आला होता. त्याने खोका चौरंगाशेजारी आडवा ठेवला आणि वर पेटी बसवली. येसूबाईंनी सकाळीच ताजं हळदकुंकू लावून दिलं होतं. प्रवासात ते कोपऱ्याकोपऱ्यात पसरून पेटीला अधिकच शोभा आली होती.

तीनला पहिली पाळी सुटली. कामगार हात धुऊन, बूट बाहेर काढून ओळीने आत आले. जितेशने आरतीने सुरुवात केली, मुरारीने एक नंबर दाबला, गिटार सतारीसारखी झणाणली. मॅडमनी मान डोलावली. मुरारीच्या जिवात जीव आला आणि तिथेच घोटाळ्याचं मूळ रुजलं. कारण रांगेतला पहिला गडी सत्यनारायणाला नमस्कार करून एक पाऊल सरकला, आणि शेजारी दुसरा देव दिसला. काळा, कुंकवाने माखलेला, लाल डोळा लुकलुकणारा. त्याने त्याही देवाला हात लावून कपाळाला लावला.

हात चार नंबरवर पडला. आरतीच्या मध्यावर गिटार खरखरत गर्जली.

गडी दोन पावलं मागे सरला. "बापरे! हुंकार दिलान!"

मुरारीने घाईने एक नंबर दाबला. तोवर पुढच्याने हात लावला. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमू लागला. मुरारी पुन्हा एकवर. पुढच्याने गरगर आणली.

"अहो, हात नका लावू! देव नाय तो, मशीन हाय!"

"म्हणून काय झालं?" रांगेतला एक पिकल्या मिशांचा ऑपरेटर म्हणाला. "मी रोज पाळी सुरू करताना रिअॅक्टरला हात जोडतो. सतरा वर्षांत दगा दिला नाय त्यानं. तुमचं मशीन काय सोन्याचं लागून गेलं?" आणि त्याने चारी बटनांवरून भक्तिभावाने हात फिरवला.

पूजेच्या मांडवात नमस्कार करणाऱ्याला अडवायचं कसं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. रांग वाढत चालली. सत्यनारायणापुढे माणूस क्षणभर थांबे, पेटीपुढे जास्त. सत्यनारायण काही बोलत नव्हता, ही मात्र हात लावताच उत्तर देत होती. एकाने वर तुळस ठेवली. दुसऱ्याने शिऱ्याचा नैवेद्य दाखवला, आणि तूप सुटलेला शिरा द्रोणातून ओघळून तीन नंबरच्या फटीत उतरला. सहा फुटांवर वायरीला बांधलेला जितेश मान उंचावून ओरडत होता, "मामा, एक नंबर! एक!" पण मामा आणि त्याच्यामध्ये पन्नास माणसं होती. मुरारीचा तक्ता कधीच एका कामगाराच्या पायाखाली गेला होता. मुरारीने तेवढ्यातही त्याच्या वतीने नमस्कार केला.

मग कॅन्टीनच्या गीताबाई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न तीन वर्षं जमत नव्हतं. त्यांनी एका हाताचा नमस्कार न करता दोन्ही तळवे पेटीवर टेकवले, डोळे मिटले आणि नवस बोलायला सुरुवात केली. दोन बटनं एकदम दाबली गेली की पेटी आवाज बंद करून तारा जुळवायला बसते, हे जितेशला ठाऊक होतं. मुरारीच्या तक्त्यात त्याची नोंद नव्हती.

गिटार एकदम मुकी झाली. जितेश तारा छेडत होता, आवाज शून्य. तो गिटारच्या कळा पिळू लागला. हैबती एकट्याने ढोलकी ओढत राहिला, पण ढोलकी एकटी कितीशी ओढणार? मॅडमनी घड्याळ पाहिलं. मग शेजारच्या साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यातला 'पनवेल' एवढाच शब्द मुरारीला ओठांवरून वाचता आला.

"गीताबाई, आटपा हो!"

"थांबा हो मुरारीभाऊ, मुलाची नोकरी सांगायची ऱ्हायलीय," गीताबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

त्या एकदाच्या उठल्या. तक्त्यातली पुढची नोंद आठवून मुरारीने तीन नंबर बोटाने दाबला. शिरा घट्ट बसला होता. अंगठ्याने दाबला. तुपाने अंगठा घसरला. बाकीची बटनं दाबायचं भान कुणाला होतं? अकरा वर्षांचा मान डोळ्यांदेखत चालला होता. मुरारीने पेटी उचलून जमिनीवर ठेवली, खोका उघडला, बेंजो बाहेर काढला. जितेशच्या गिटारची वायर उपटली, ती बेंजोत खोचली आणि बेंजो मांडीवर घेऊन बसला. डावा हात कळांवर, उजव्यात तारा छेडायची नखी. दोन्ही हात गुंतले. समोर पेटी, आणि तिचं अडलेलं बटन.

सव्वीस वर्षं कोर्टात, पंचावन्न वर्षं आईच्या धाकात काढलेल्या मुरारीने उजवा पाय लांब केला आणि टाच दिली.

कट्!

शिरा फुटला, बटन बसलं, आणि बेंजो बोलला. तोच जुना बेंजो, पण डोंगरापलीकडून दुसरा बेंजो त्याला साद देतोय अशा घुमाऱ्यात. मुरारी स्वतःच दचकला. मग त्याने हळदीतली चाल धरली. हैबतीची ढोलकी उसळली. कामावर चाललेली दुसऱ्या पाळीची माणसं कामाचे कपडे न चढवताच नाचायला उतरली. पिकल्या मिशांचा ऑपरेटर तर रिअॅक्टर विसरला.

जितेश मुकी गिटार गळ्यात घेऊन बघत राहिला.

"बघतोस काय?" मुरारी वाजवता वाजवता म्हणाला. "बस खाली. ओळ संपली की दोन नंबर. हातानं दाब, विद्या हाय ती!"

जितेश बसला. तासभर बटनं दाबत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम स्वतः आल्या. "मुरारीभाऊ, पुढच्या वर्षी तुम्हीच. ठरलं." मुरारीची छाती फुगली, तोच त्या पुढे म्हणाल्या, "फक्त ती पेटी नक्की आणा. मध्येच खाली उतरवलीत, म्हणून दुसऱ्या पाळीला दर्शन झालं नाही. तशी तक्रार आली आहे."

घरी पोचेपर्यंत मुरारी शीळ घालत होता. आनंदाच्या भरात तो चपला काढून, पाय न धुताच आत गेला आणि खुर्चीत टेकला. जितेश वायरी गुंडाळत बसला. येसूबाई बाहेर आल्या.

"झालं नीट?"

"मान आपलाच, आये. पुढच्या वर्षीचंबी ठरलं."

"बरं झालं. पेटीला कुणी पाय नाय ना लावला?"

जितेशने मामाकडे पाहिलं. मुरारी कोर्टातला माणूस. विचारलं त्याला धरून, पण अंगाशी येणार नाही असं उत्तर कसं द्यावं, हे त्याने हजार साक्षींच्या नकला काढताना शिकून घेतलं होतं.

"जितेशनं नाय लावला, आये. मी साक्षीला हाय."

"मी जितेशचं इचारलंच नाय."

येसूबाई उंबऱ्याकडे बघत होत्या. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत स्वच्छ फरशीवर तुपाकुंकवाच्या टाचेचे ठसे उमटले होते. एकाच पायाचे.

"लक्ष्मी आली की दोन पावलं उमटतात," त्या म्हणाल्या. "हा लंगडा कोण आला रे घरात?"

मुरारीने उजवा पाय हळूच खुर्चीखाली घेतला, आणि त्याचा हात सवयीने कपाळाकडे गेला.